टर्बो, कागद आणि काकांचा पिकअप

गावाकडून इथे जर्मनीत फोन आला की पगाराच्याही आधी गाडीची चौकशी होते. "गाडीले टर्बो बसवला म्हणे तू?" आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात ही बातमी कोणी पोचवली देव जाणे. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, मी बसवलेला नाही, तो कारखान्यातूनच लागून आलाय. गाडी जुनी आहे, दोन लिटर पेट्रोलची हॅचबॅक. मी बदललं ते टर्बोच्या आजूबाजूचं: मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा), इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर आणि ब्रेक. खरं तर ब्रेक आधी, बाकीचं मागून. पॉवर वाढवून ब्रेक जुनेच ठेवणाऱ्या पोरांचा जर्मनीतही तोटा नाही.

इथे पान्यापेक्षा कागद जड. जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते. बदललेल्या प्रत्येक पार्टसाठी एकतर त्याचा मंजुरीचा कागद गाडीत ठेवायचा, नाहीतर गाडी दाखवून तो बदल गाडीच्या कागदपत्रांत चढवून घ्यायचा. तसं न करता रस्त्यावर उतरलात तर गाडीचा परवानाच रद्द ठरू शकतो, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात आखडता घेऊ शकते. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "गाडी तुयी, पैसा तुया, मंग कागद त्याईचा काहून लागते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आवाजाचंही तसंच. रविवारी ग्राइंडर लावायचा नाही, रात्री दहानंतर हातोडी नाही. जुनं ऑइल ज्या दुकानातून नवीन घेतलं त्या दुकानदाराने तेवढंच फुकट परत घ्यायचं, असा इथला कायदा. म्हणून ऑइलची पावती मी जपून ठेवतो. आपल्याकडे तेच ऑइल बंडीच्या आखाला, फाटकाच्या बिजागरीला आणि उरलं तर वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना जातं. हे इथल्या शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं सांगायचं टाळलं.

आता मुद्द्याचं. अशी गाडी घरी सांभाळायची म्हणजे रोज काहीतरी नवीन बसवायचं, असं लोकांना वाटतं. माझा बहुतेक वेळ जातो तो ऑइल आणि गळती पाहण्यात. टर्बोचा पंखा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. एका बाजूला इंजिनातून येणारा 900 अंशांच्या आसपासचा धूर, दुसऱ्या बाजूला आत ओढली जाणारी हवा, आणि मधला दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरत असतो. ते ऑइल घाण झालं किंवा कमी पडलं की दांडा खेळायला लागतो, आणि मग गाडी ऑइल खाते. कंपनीच्या पुस्तकात ऑइलला 30 हजार किलोमीटरपर्यंतची मुभा आहे. मी त्याच्या निम्म्याच्याही आत बदलतो. जोरात पळवून आणलेली गाडी लगेच बंद करत नाही, मिनिटभर रिकामी चालू ठेवतो; नाहीतर गरम टर्बोत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. आपल्याकडे घाट चढून आले, ढाब्यावर गाडी लावली की पहिल्यांदा चावी फिरवतात. चहा सांगा खुशाल, पण चावी एक मिनिट राहू द्या.

हवेचा हिशोब तर आपल्या भागाला जास्तच लागू. दाब तोच असला तरी 45 अंशांची हवा 5 अंशांच्या हवेपेक्षा 12-13 टक्के विरळ असते. त्यात टर्बो हवा दाबतो, म्हणजे ती आणखी तापते. तिला गार करायला इंटरकूलर. मे महिन्यात गाडी सुस्त वाटते ती यामुळे, दर वेळी डिझेलात भेसळ असते असं नाही.

गेल्या हंगामात काकांच्या डिझेल पिकअपने हेच डोकं खाल्लं होतं. कापूस भरून यवतमाळच्या जिनिंगला निघाले की चढावर गाडी ओढेना आणि मागे काळा धूर. रिकामी असली की एकदम झकास. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने सांगून टाकलं, टर्बो गेला, नवीन टाका. काकांनी फोन केला तेव्हा ते पैशाची जुळवाजुळव करत होते. मी म्हटलं, "काका, थांबा. ऑइल कमी होते काय?" "नाही." "निळा धूर?" "नाही रे, काळा." निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय; तो नव्हता, ऑइलही कमी होत नव्हतं, मग पहिला संशय टर्बोवर घ्यायचं कारण नव्हतं. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण त्याच्या जोडीची हवा कमी पडतेय, बहुतेक वाटेतच कुठेतरी पळतेय.

इथे मी ज्या जुगाडाने गळती शोधतो, तोच काकांना व्हिडिओ कॉलवर सांगितला. मोटारपंपाच्या दुकानातून पीव्हीसी पाइपाचं टोपण आणलं, पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह. टोपणाला भोक पाडून व्हॉल्व्ह घट्ट बसवला. एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा पाइप काढून त्या जागी टोपण क्लिपने आवळलं. इंजिनच्या ब्रीदरची (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी) नळी अलग करून तिचंही तोंड बंद केलं. ही पायरी सोडली तर हवा इंजिनच्या पोटात शिरते आणि सीलवर दाब येतो. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने 7 पीएसआय हवा, त्याहून जास्त नाही. साबणाचं पाणी मारायला चुलतभाऊ फवारणीचा पंप घेऊन आला. तो मी परत पाठवला, साधी शाम्पूची बाटली आणायला लावली. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण अजून विसरलेलो नाही.

वरच्या बाजूला काहीच दिसेना. काका वैतागले. "खालून पाहा, क्लिपच्या मागं," मी म्हटलं. इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी होजला खालच्या अंगाने, क्लिपला लागूनच, नखाएवढी चीर होती. एरवी मिटलेली, दाब आला की उघडायची. तिथे फेस उतू जाणाऱ्या दुधासारखा वर आला. काकांनी बोट ठेवलं, आवाज बंद. बोट काढलं, फुस्स. तीनदा करून पाहिलं त्यांनी, आणि मग गॅरेजवाल्याच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

होज बदलला. गाडी ओढायला लागली. आणि आता काकांना सॉफ्टवेअर पाहिजे! "तुह्या गाडीसारखं कर ना इचंही." मी साफ नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. पण कायदा बाजूला ठेवला तरी ओझं वाहणाऱ्या गाडीला जोर वाढवून दिला की पहिला क्लच जातो आणि मागून गास्केट. माझी गाडी शनिवारी फिरायला निघते, काकांची घर चालवते. बंद पडली तर माझं काय जातं? त्यांचा कापूस मात्र रस्त्यावर राहतो.

पटलेलं नाही त्यांना. तूर्त तह असा झालाय की दिवाळीला येताना मी सिलिकॉनचा होज आणि चांगल्या क्लिपा आणाव्यात. तर काका, हे वाचत असाल तर माप "अंगठ्याएवढं" असं कळवू नका. व्हर्नियर लावा, पाइपाचा बाहेरचा व्यास दोन्ही टोकांना मोजा आणि मिलिमीटरमध्ये पाठवा. एक टोक दुसऱ्यापेक्षा जाड असू शकतं.