माळवदाखालचा खांब

सोलापूर परिसरातल्या जुन्या माळवदाच्या घरात पाऊल टाकले, की ओळीने उभे असलेले लाकडी खांब आधी नजरेत भरतात, आणि घराची डागडुजी करायला निघालेल्या नव्या पिढीला नेमके तेच अडचणीचे वाटतात. या खांबांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, असे मला मनापासून वाटते.

माळवद म्हणजे डोक्यावर अंथरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो घर थंड ठेवतो. मात्र त्याचे वजन प्रचंड असते आणि पावसाने ते आणखी वाढते. हे ओझे कड्यांवरून, म्हणजे छताखालच्या आडव्या लाकडांवरून, त्यांना पेलणाऱ्या जाड तुळईवर आणि तुळईवरून खांबावर उतरते. खांबाच्या माथ्यावरचा आडवा ठोकळा तुळईचा अधांतरी भाग कमी करतो, तर पायाशी बसवलेला दगडी उथळा लाकडाला ओल आणि वाळवीपासून दूर ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, तरी काही घरांचा लाकडी सांगाडा छतासह उभा राहिला होता.

शिल्पकारालाही ओझ्याची ही वाट ओळखावी लागते. ग्रीकांच्या कांस्यमूर्तींच्या संगमरवरी प्रतिकृती घडवताना रोमन कारागिरांनी पायाशेजारी झाडाचा बुंधा कोरला, कारण संगमरवर दाब उत्तम सोसतो, पण ताण पडला की तडकतो. १५०४ मध्ये पूर्ण झालेल्या मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’च्या उजव्या पायामागेही असा बुंधा आहे, आणि तरीही त्याच्या घोट्यांजवळ बारीक तडे आढळले आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष त्या बुंध्याकडे क्वचितच जाते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते मांडीचे हाड. खुब्याजवळ ते उभे चिरले, तर आत जाळीसारख्या बारीक पट्ट्या कमानींच्या आकारात वळलेल्या दिसतात. झुरिकमध्ये शरीरशास्त्रज्ञ हेरमान फॉन मायर यांनी मांडलेली ही रचना १८६६ च्या सुमारास कार्ल कुलमान या अभियंत्याच्या पाहण्यात आली, तेव्हा वाकड्या क्रेनमध्ये दाब आणि ताण ज्या रेषांनी वाहतो, त्या रेषा त्यांना तिथे दिसल्या. पुढे १८९२ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी मांडले, की भार बदलला तर हाडाची घडणही बदलते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, ती अंगावरचा भार नाहीसा झाल्यामुळेच.

लाकडाला अशी नवी घडण घेता येत नाही. मधला खांब काढला की तुळईचा मोकळा भाग दुप्पट होतो, ती वाकू लागते, आणि शेजारच्या खांबांवर त्यांच्यासाठी कधीच न योजलेला भार येतो. खांब खरोखरच हलवायचा असेल, तर आधी माळवदाची माती उतरवावी, तुळईला दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू द्यावेत, आणि जाणकार सुताराला व अभियंत्याला दाखवल्याशिवाय खांबाला हात लावू नये.