१८१ मतांचे तीन मथळे

राष्ट्रपतिपदाच्या मतमोजणीला वृत्तपत्राच्या डेस्कवर निकालाची धाकधूक नसते. उमेदवार जाहीर झाले की बेरीज कोणीही करू शकतो. २१ जुलै २०२२ लाही द्रौपदी मुर्मू जिंकणार याबद्दल नागपुरात कुणाला शंका नव्हती. बातमी होती ती फाटाफुटीची. १० जूनची राज्यसभा, २० जूनची विधान परिषद आणि लगेच शिवसेनेतलं बंड, असं सगळं सव्वा महिन्यात ओळीनं झालेलं. त्यामुळे ‘राज्यात किती मतं फुटली’ हा आकडा पहिल्या पानावर हवाच, असा वरून निरोप होता. गडचिरोली-गोंदियाकडे जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते, तिला तो आकडा मिळणार नाही हे दुपारीच कळत होतं. सगळा भर शहर आवृत्तीवर.

दुपारी एक्सेलची शीट करून ठेवली. राज्य, एका आमदाराच्या मताचं मूल्य, मतदान केलेले आमदार, अपेक्षित मतं, मिळालेली मतं, अवैध. मतमूल्याचा रकाना आधी भरला, कारण तो बदलत नाही. १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, आणि पुन्हा भागिले १०००. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८, उत्तर १७५. उत्तर प्रदेशचा आमदार २०८ चा, सिक्कीमचा ७ चा. खासदाराचं मूल्य त्या वर्षी ७०० होतं. आधीच्या निवडणुकीत ते ७०८ होतं, पण जम्मू-काश्मीरला विधानसभाच उरली नव्हती म्हणून उतरलं. नागपूर जिल्ह्यात शहरातले सहा आणि ग्रामीणचे सहा असे १२ आमदार. त्यांचं मिळून मूल्य २,१००, म्हणजे बरोबर तीन खासदारांएवढं. ही ओळ चौकटीसाठी राखून ठेवली, वाचकांना असलं गणित आवडतं.

मोजणीचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या फेरीत खासदारांच्या हिरव्या मतपत्रिका, मग आमदारांच्या गुलाबी, राज्यांच्या इंग्रजी वर्णानुक्रमे दहा-दहाच्या गठ्ठ्यात. खासदारांमध्ये मुर्मूंना ५४०, विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हांना २०८, आणि १५ मतं अवैध. तिसऱ्या फेरीअखेर मुर्मूंचं मूल्य ५,७७,७७७ झालं. वैध मतमूल्याच्या निम्म्यावर एक, म्हणजे ५,२८,४९१ लागत होते. निकाल तिथेच लागला. महाराष्ट्रही त्याच फेरीत होता.

राज्यवार तक्ता हाती आला तेव्हा आपल्या ओळीत तीन आकडे होते: मुर्मू १८१, सिन्हा ९८ आणि अवैध ४. असा तक्ता आला की पहिलं काम बेरजेचं. १८१ अधिक ९८ अधिक ४ म्हणजे २८३. १८ जुलैला विधान भवनात २८७ पैकी (एक जागा रिकामी होती) २८३ आमदारांनी मतदान केल्याची नोंद होती. जुळलं. मूल्यही लावून पाहिलं: ३१,६७५, १७,१५० आणि ७००, एकूण ४९,५२५, म्हणजे २८३ गुणिले १७५. इथे एकाचा जरी फरक आला असता तरी मथळ्याला हात लावायचा नाही, हा नियम.

गंमत यानंतर सुरू झाली. एका बातमीदाराची कॉपी आली, मथळा तयार: ‘राज्यात १६ मते फुटली’. दुसऱ्याचा फोन आला की उलट लिहा, १९ मतं कमी पडली. शीट म्हणत होती, फार तर एक-दोन. तिन्ही आकडे एकाच १८१ मधून निघालेले.

सोळाचा हिशेब असा. ४ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावात शिंदे सरकारला १६४ मतं पडली होती. त्यात अध्यक्षांचं मत नव्हतं, ते धरून १६५. १८१ मधून १६५ गेले, उरले १६. एकोणीसचा हिशेब तर आणखी सोपा: मुख्यमंत्री शिंदे २०० मतांचा दावा करत होते, मिळाली १८१. दोन्ही वजाबाक्या बिनचूक आहेत. चूक आहे ती कशातून वजा केलं यात. १२ जुलैला उद्धव ठाकरेंनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला होता. म्हणजे विधानसभेत सरकारच्या विरोधात बसणारे त्यांचे १५ आमदार या निवडणुकीत त्याच बाजूला होते, आणि तेही पक्षाच्या सांगण्यावरून. १६५ अधिक १५ म्हणजे १८०. मिळाली १८१. ठरावाच्या दिवशी गैरहजर असलेला एखादा आमदार १८ तारखेला आला असेल तर तो एकही संपला.

दुसऱ्या बाजूनं ताळा केला. काँग्रेस ४४, राष्ट्रवादी ५३, समाजवादी २, एमआयएम २, माकप १, मिळून १०२. राष्ट्रवादीचे दोघं कोठडीत, म्हणून १००. सिन्हांना ९८. दोनाची तूट दिसते, पण अवैध मतं चार आहेत आणि ती कुणाची हे मतपत्रिका सांगत नाही. पक्षानं उघडपणे कुंपण ओलांडणं आणि आमदारानं पडद्याआड ओलांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवसेनेनं २००७ ला प्रतिभा पाटील आणि २०१२ ला प्रणव मुखर्जी यांच्या वेळीही पहिली केली होती. तिला फाटाफूट म्हणायचं का, यावर त्या रात्री डेस्कवर बरीच वादावादी झाली. माझं मत: अजिबात नाही.

अवैध मतांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, आणि मला तीच जास्त बोलकी वाटतात. देशभरात ५३: खासदार १५, आमदार ३८. इथे मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं, नुसती नावं. आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानंच पसंतीक्रम लिहायचा. खिशातलं पेन वापरलं की मत बाद. ‘१’ आकड्यातच हवा, अक्षरात ‘एक’ लिहिलं तर बाद. दोन्ही नावांपुढे १ लिहिला, किंवा तो नेमका कुणापुढे आहे हे कळलं नाही, तरी बाद. बरोबरची खूण, सही, ओळख पटेल असं काहीही चालत नाही. २०१२ ला मुलायमसिंह यादवांनी आधी चुकीच्या नावापुढे खूण केली, दुसरी मतपत्रिका मागून घेतली, आणि शेवटी आयोगानं त्यांचं मतच बाद ठरवलं. म्हणजे पंधरा खासदारांना लिहिता आलं नाही असं समजायचं कारण नाही. पक्षाच्या उमेदवाराला द्यायचं नाही, समोरच्यालाही द्यायचं नाही, अशा माणसाला बाद मत हा सोयीचा रस्ता असतो. यातली किती मतं जाणूनबुजून बाद झाली, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

रात्री फोन चालूच होते. हिंगण्याहून एकानं विचारलं, “भाऊ, आपल्या इकडच्या आमदारायनं कोणाले देलं, तेवढं सांगा ना.” सांगणार काय? मतपेट्या आल्या राज्यावार, मोजल्या राज्यावार. राज्याच्या खाली तपशील नाही, पक्षाचा रकाना नाही. राज्यसभेला आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, आणि त्यालाच दाखवायची असते. १० जूनला शिवसेनेच्या एका आमदाराचं मत याच मुद्द्यावर बाद झालं होतं आणि निकाल पहाटेपर्यंत रखडला होता. राष्ट्रपतिपदाला कुणालाच दाखवायची नाही. व्हिप काढता येत नाही, पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट लागू होत नाही, कुणाची आमदारकी जात नाही. पक्ष फक्त आवाहन करतो. त्या गृहस्थाला एवढं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, “मंग पेपरात आकडे येतात ते काहून?” प्रश्न रास्त होता.

खात्रीनं फुटलं म्हणता येईल असं मत शोधायचं तर केरळात जावं लागतं. तिथे १४० आमदार, रालोआचा एकही नाही, डावी आघाडी आणि काँग्रेस आघाडी दोघीही सिन्हांच्या मागे. तरी मुर्मूंना एक मत पडलं. इथे वजा करायला शून्यच आहे, म्हणून वाद नाही. आसामात मुर्मूंना १०४ मतं पडली. मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमांनीच आपलं मूळ बळ ७९ असल्याचं सांगितलं. पंचवीसचा फरक विरोधकांना सहज झटकता येणारा नव्हता. आंध्रात उलट चित्र: सिन्हांना शून्य, कारण तिथले सत्ताधारी आणि विरोधक दोघंही मुर्मूंकडे. महाराष्ट्राचा आकडा या कुठल्याच रांगेत बसत नव्हता.

बैठकीत १९६९ चाही विषय निघाला, तो निघतोच. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे, आणि विवेकबुद्धीनं मत द्या असं आवाहन. तिसरे मोठे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, जिंकायला लागणारा कोटा ४,१८,१६९. कोटा कुणालाच गाठता आला नाही म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, आजवरची एकमेव वेळ. देशमुखांची दुसरी पसंती बहुतेक रेड्डींकडे गेली, तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. तिथे कुंपण ओलांडणाऱ्यांनी राष्ट्रपती ठरवला. २०२२ ला त्यांनी फार तर मताधिक्याचा आकडा फुगवला: ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७.

शहर आवृत्तीत मथळा गेला ‘राज्यातून मुर्मूंना १८१ मते, चार अवैध’. खाली चौकटीत दोन्ही बाजूंची बेरीज, कोणता आकडा कुठून घेतला त्यासह. सोळा कापला. वरिष्ठांना हा मथळा फिका वाटला, आणि दुसऱ्या दिवशी इतरत्र जे छापून आलं ते पाहता त्यांचं म्हणणं विक्रीच्या दृष्टीनं खरंही असेल.

शीट तशीच ठेवली आणि ६ ऑगस्टच्या उपराष्ट्रपतिपदासाठी छाटली. तिथे फक्त खासदार, प्रत्येकाचं मूल्य एक, राज्यांचा रकानाच नको. भाजप आघाडीचे जगदीप धनखड ५२८, विरोधकांच्या मार्गारेट अल्वा १८२, अवैध १५. तृणमूलनं मतदानापासून दूर राहायचं ठरवलं होतं, तरी त्यांचे दोन खासदार, शिशिर आणि दिब्येंदू अधिकारी, मतदानाला आले. त्यांनी कुणाला मत दिलं ते मोजणीत दिसायचं कारण नव्हतं, पण ते आले हे हजेरीत होतं. त्या दिवशी नावानिशी बातमी करता आली.