तुम्ही विचारलंत म्हणून : पोत्यावरच का, आणि तेच तेच का?

माझं काम कुठंही मांडलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. "कॅनव्हास सोडून पोत्यावर का?" आणि थोडा वेळ उभं राहून झाल्यावर, जरा हळू आवाजात, "तेच ते टाके घालून कंटाळा येत नाही का हो?" परवा परभणीत एका ताईंनी दोन्ही एकदमच विचारले. गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं सांगते.

कॅनव्हासवर मी दहा-बारा वर्षं काम केलं, मन लावून केलं. पोतं हाती आलं ते २०१७ साली. आदल्या पावसाळ्यानं साथ दिली होती, तूर उदंड झाली होती आणि खरेदी केंद्रावर ऐन वेळी बारदानाच संपला. भरायला पोतं नाही, म्हणून माप बंद. माझे वडील तुरीच्या ट्रॅक्टरपाशी नऊ दिवस मुक्कामाला होते. मी डबा घेऊन जायची. वर्षभराची मेहनत समोर पडलेली आणि अडलंय ते पोत्यासाठी, जे आमच्या दारात पाय पुसायला पडलेलं असतं.

घरी येऊन मी तेच पोतं झटकलं, उसवलं आणि अंगणात पसरलं. इतकी वर्षं मोंढ्याच्या गावात राहून मी पोतं असं कधी पाहिलंच नव्हतं. बंगालच्या गिरणीतला ताग. एक धागा जाड, शेजारचा बारीक. तोंडाशी दाभणाची भोकं ओळीनं. कानांजवळ हमालाचा हूक लागून धागे बाजूला सरकलेले, बोट जाईल एवढे. त्यातल्या एका भोकावर कुणीतरी सुतळीनं रफू केलेलं, घाईत, पण गाठ पक्की. त्यावर रंग लावायला माझा हात धजेना. त्या रफूभोवती पांढऱ्या दोऱ्यानं एक धावदोरा घातला. मग त्याच्याभोवती दुसरा.

दुसरा टाका घालतानाच कळलं की ही रीत मला येते. आजीची वाकळ अशीच व्हायची. मात्र ती कडेकडून सुरू करायची. जुनं लुगडं, धोतर, फाटक्या सदऱ्यांचे तुकडे एकावर एक अंथरायचे, काठाशी सुई घालायची, कोपऱ्यावर वळायचं आणि बोटभर आत सरकून पुन्हा फेरा. चौकोनात चौकोन, मधोमध पोहोचेपर्यंत. मी टाके मोजत बसले की म्हणायची, "येका टाक्याकडं काय बघतीस माय, वळीकडं बघ."

ओळ आम्ही आधी रानात पाहिलेली असते. तिफणीला तीन फण, म्हणून एका फेरीत तीन काकऱ्या. आजोबा तिफण धरायचे, आजी चाड्यावर मूठ धरायची. पेरणीत एक तास जरा वाकडा गेला की पुढचे तास त्याच्या कलानं जातात. सरळ करायला गेलं तर मध्ये रान पडिक राहतं. उगवून आल्यावर बांधावरून तो बाक स्पष्ट दिसतो. माझ्या पोत्यांवर तीन-तीनच्या जोडीनं ओळी का, असं विचारणाऱ्यांना मी तिफण सांगते. शेतकरी असला तर त्यानं ते आधीच ओळखलेलं असतं.

आता कंटाळ्याचं. अजिंठ्याला गेलात तर दोन नंबरच्या लेण्यात मान वर करून जरा थांबा. पाचव्या शतकातलं ते छत. वर्तुळांची, पानाफुलांची नक्षी फिरत जाते आणि तिच्यात हंसांची एक रांग आहे. लांबून एकच हंस पुन्हा पुन्हा काढल्यासारखा वाटतो. नीट पाहिलं की कुणाची मान मागं वळलेली, कुणी पंख उचललेला. पुढं गाभाऱ्याच्या वाटेवर भिंतभर बुद्ध, ओळीवर ओळी. हे सगळं ज्या गिलाव्यावर आहे त्यात माती आहे, भाताचं तूस आहे, झाडापाल्याचे तंतू आहेत. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला फार धीर आला. रोजच्या वापरातलं साहित्य आणि पुन्हा पुन्हा तीच आकृती, हे आमच्याच मुलखात आधीपासून चालत आलं आहे.

कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. पहिल्या पाच-सहा ओळींना हमखास येतो. पण तो ओसरला की हात आपला आपण चालतो आणि मग दिसायला लागतं: सकाळचा टाका लहान आणि घट्ट, दुपारचा सैल, वीज गेल्यावर घातलेला तिरपा. दर वेळी नवी आकृती काढत बसले असते, तर हा फरक माझ्या डोळ्यांतून सुटला असता. मला तो फरकच हवा असतो.

सध्या माझ्या खोलीत भिंतीला एक पोतं टांगलेलं आहे. एक्केचाळीस ओळी झाल्यात. सत्ताविसावी मायनं घातली. तिला आता बारीक दिसत नाही. तिची ओळ निम्म्यानंतर हळूहळू खाली उतरत जाते, शेवटी चांगली दोन बोटं. ती म्हणाली, "उसव आन् नीट घाल." मी उसवली नाही. पुढच्या चौदा ओळी तिच्याच उतारानं घेतल्या आहेत.