डावा पाय

असेल नऊ-दहा वर्षांचा. अंध मुलांसाठी केलेला आमचा नाचाचा प्रयोग संपल्यावर माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, तुझा डावा पाय दुखतो का?"

नाही रे, म्हटलं.

"मग उडीनंतर तोच का धप्पकन वाजतो? कानात तर सांगत होते, अलगद उतरते म्हणून."

रात्रीचे दोन वाजलेत आणि मी अजून त्या 'धप्प'पाशीच आहे.

बाईंना नाही कळलं. पहिल्या रांगेत चष्मे पुसून बसणाऱ्या जाणकारांना नाही कळलं. हात वर नेला, चेहरा हसरा ठेवला की नजरा वर जातात, पायाकडे कोण बघतंय? ही युक्ती मला त्या पडण्यानंतर सापडली... ते जाऊ दे. इथे हात वर नेऊन उपयोग काय!

बरं, सगळी सोय आम्हीच केलेली. आधी मुलांना रंगमंचावर नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू दिलं. आम्ही एकेका मुद्रेत थांबलो आणि त्यांनी खांद्यापासून बोटांपर्यंत हात फिरवून पाहिलं. ज्यांना थोडंफार दिसतं (बऱ्याच जणांना दिसतं, हेच लोकांना ठाऊक नसतं) त्यांच्यासाठी काळ्या पडद्यापुढे पिवळे कपडे. वर्णन ऐकायला हेडफोन एकाच कानाला, दुसरा कान संगीताला, श्वासाला, पावलांना मोकळा. मुलांना अगदी पुढे, जमिनीवरच बसवलं, लाकडाचा हादरा अंगात पोचावा म्हणून. संगीत जरा खाली ठेवा, पावलं ऐकू यायला हवीत, हे तर मीच सांगितलं होतं. मीच! आणि आता तक्रार काय, तर ऐकू आली.

तरी वाईट वाटतंय. न विचारता कुणी माझं पत्र वाचावं तसं. त्याला श्वासांचा नाच आवडला होता म्हणे, ते मी धड ऐकलंही नाही.

क्युबाची बॅले नर्तिका आलिसिया आलोन्सो, तिची गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेल. दृष्टिपटल सुटलेलं, शस्त्रक्रियांनंतर कित्येक महिने अंथरुणावर, तिथेच बोटांनी पावलं टाकत तिने 'जिझेल' पाठ केलं आणि १९४३ साली त्यात नाचली. पुढे रंगमंचावर कुठे उभं राहायचं ते दिव्यांवरून ओळखायची. नाचणारीला दिसत नसेल तर थोरवी तिची. बघणाऱ्याला दिसत नसेल तर थोरवी त्याची आणि पंचाईत माझी, हे कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

हसू येतंय आता. इतकी वर्षं लपवलं, आणि पहिला पारखी निघाला तो हा.

वर्णन लिहिणारीला फोन केला, 'अलगद' काढ म्हणून. ती म्हणाली, "मग 'जड' लिहू?" जड नको, म्हटलं. 'जोरात'? तेही नको. शेवटी तिने 'ठाम' सुचवलं. विचार करून सांगते म्हटलंय.