तुमचं नाव काढून टाकलं, आता चालतंय

मंगळवार, रात्र

"ताई, तुमचं नाव काढून टाकलं, आता चालतंय." पोरगी एवढंच म्हणाली आणि काउंटरवर जाऊन बसली. तिच्या मनात काही नव्हतं, पासबुकं घेऊन माणसं खोळंबली होती. पण डबा खाताना तेच, साहेबांपुढे व्हाउचरं ठेवताना तेच. चालतंय म्हणे.

काल रजा होती. आईचं. ते आज लिहीत नाही.

थकबाकीचा रिपोर्ट नेमका सोमवारीच लागतो. शाखांकडून आलेल्या एक्सेल शीट एकत्र करायच्या, ९० दिवसांच्या वर हप्ता न आलेली कर्जं वेगळी काढायची, शाखावार बेरीज मारायची. पूर्वी यात अख्खा दिवस जायचा, आता मी पायथॉन भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम करतो. तो पोरीच्या मशीनवर चालेना. 'फाइल नॉट फाउंड', 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. कारण अगदी साधं. मी शीटचा पत्ता पुरता लिहिलेला: सी ड्राइव्ह, यूजर्स, मग माझं नाव, मग डेस्कटॉप. विंडोज ज्याचं त्याचं फोल्डर यूजर्सखाली करून देतं. तिच्या मशीनवर माझं फोल्डर असणार कुठून? तिने सीपासून डेस्कटॉपपर्यंत सगळं खोडलं, नुसती शीटची नावं ठेवली, शीट प्रोग्रॅमशेजारी टाकल्या. चालला.

मग मला लागलं काय? काम अडलं नाही, साहेबांना रिपोर्ट मिळाला, रजेत फोनसुद्धा आला नाही. याचंच वाईट वाटतंय की काय? फोन आला असता तर हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून चिडलेच असते मी.

त्या एका ओळीपायी काय काय झालंय ते तिला कुठे माहीत. पत्ता वरच्या पट्टीतून उचलून चिकटवला तर प्रोग्रॅम सुरूच होईना, 'युनिकोड एस्केप' म्हणून काहीतरी भलतंच. फाइल आहे की नाही हे बघण्याची वेळच येत नव्हती. विंडोजच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ असते आणि पायथॉनला ती रेघ म्हणजे 'पुढे खास अक्षर येतंय' अशी खूण. यूजर्सचा कॅपिटल यू तिच्यामागे आला की तो युनिकोडचा, म्हणजे कुठल्यातरी अक्षराचा, आकडा शोधत बसतो. डी ड्राइव्हवर नेलं तर थकबाकीच्या फोल्डरचं नाव इंग्रजी टीने सुरू होणारं, आणि रेघ अधिक टी म्हणजे टॅब. टी गिळला, पुढे मोकळी जागा, आणि 'हकबाकी' नावाचं फोल्डर शोधायला निघाला. अवतरणचिन्हाच्या आधी एक आर टाकला की हे सगळं थांबतं. हे मला कुणी सांगितलं नाही. साहेब म्हणाले होते, यूट्यूबवर असेल की. बढतीची यादी लागली तेव्हा यूट्यूबवाल्यांचं नाव नव्हतं हे एक बरं.

जाऊ दे यादीचं.

आणि तिला पाच मिनिटं लागली असतील. फार तर दहा. डिलीटचं बटण दाबून धरायला किती वेळ लागतो?

संध्याकाळी करी रोडहून स्लो लोकल पकडली. घाटकोपर गेलं आणि फोन. "ताई, सहाला आपोआप चालायला लावला होता ना मी, तो पडला. परत तेच, नो सच फाइल." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आवाज मात्र काळजीचा काढला.

म्हटलं, प्रोग्रॅम कुठे उभा आहे ते आधी छापून बघ. ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी. उत्तर आलं, सी, विंडोज, सिस्टिम थर्टीटू. टास्क शेड्युलर म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं विंडोजचं साधन, त्यात 'स्टार्ट इन'चा रकाना मोकळा सोडला की तो तिथून सुरू होतो. तिने नुसती नावं ठेवली, म्हणजे 'पुलाखालून डावीकडे' असा पत्ता. लालबागला उभ्या माणसाला तो कळेल, भांडुपला उभ्या असलेल्याला काय कळणार? विंडोजच्या गाभाऱ्यात बिचारा आमचे कर्जदार शोधत होता.

तो रकाना भर म्हणून सांगता आलं असतं. तिच्या मशीनपुरतं भागलं असतं, पुढच्या मशीनवर परत फोन. सांगितलं मात्र दुसरंच. पाथलिब घे, ते पायथॉनचं पत्ते हाताळायचं साधन, मग पाथ, कंसात फाइल, तिच्या आधी दोन अंडरस्कोअर आणि नंतर दोन, मग डॉट रिझॉल्व्ह, डॉट पेरेंट. म्हणजे प्रोग्रॅमची फाइल जिथे ठेवलीय ते फोल्डर. शीट त्याच्या शेजारी हव्यात, मग कुठूनही चालव, कुणीही चालवा. "अंडरस्कोअर, अगं खालची रेघ! दोनदा!" लेडीज डब्यात मी ओरडत होते. समोरच्या बाईंनी कानातली वायर काढून माझ्याकडे बघितलं. आजकाल काय काय धंदे करतात बायका, असं काहीसं असावं त्या नजरेत.

"चालला, ताई! तुम्ही म्हणजे ना!" मुलुंड यायच्या आत.

तुम्ही म्हणजे ना काय? ते तिने पुरं केलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता तो कुणाच्याही मशीनवर चालेल. वनड्राइव्हने कुणाचा डेस्कटॉप उचलून दुसरीकडे नेला तरी चालेल. उद्या मी बोरिवली शाखेला गेले काय, घरी बसले काय. तिने काल माझं नाव काढलं, उरलीसुरली गरज आज संध्याकाळी मी स्वतः काढली, तीही फुकटात, फोन तिचा होता म्हणून. हसू येतंय आता लिहिताना. पोरगी हुशार आहे. सहाला आपोआप लावायचं मला सुचलं नव्हतं, हे तिला उद्या सांगेन. किंवा परवा.

विरारची शीट अजून आलेली नाही. तिथले काका फाइलचं नाव बदलताना एक्सएलएसएक्स हे एक्सेल फाइलचं शेपूट हाताने टाइप करतात, विंडोज त्यामागे स्वतःचं आणखी एक लावतं आणि ते झाकून ठेवतं. पडद्यावर दिसायला नाव बरोबर, आत एक्सएलएसएक्स दोनदा. फोल्डरमध्ये फाइल समोर दिसतेय आणि प्रोग्रॅम म्हणतोय नाहीच. त्याला पाथलिब काही करू शकत नाही. हे पोरीला अजून ठाऊक नाही. उद्या दहा वाजता मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा नाही.