सत्तर फूट, आणि मधे एकही खांब नाही

पुण्यातल्या जुन्या वाड्यात खोली किती रुंद होणार हे तुळई ठरवायची. सागाची तुळई पोचेल तेवढा खण, तिथे खांब, मग पुढचा खण. विश्रामबागवाड्याचा दिवाणखाना एवढा देखणा, पण खांबांच्या रांगा तिथेही आल्याच. वाडा पाहिलेल्या माणसाला शेल्डोनियन थिएटरची, म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या समारंभाच्या सभागृहाची, खरी करामत पटकन कळेल.

विद्यापीठाचं पदवीदान पूर्वी सेंट मेरी चर्चमध्ये व्हायचं. तो गोंगाट देवाच्या दारी नको, म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप गिल्बर्ट शेल्डन यांनी पैसा दिला आणि १६६४ ते १६६९ दरम्यान ही वास्तू उभी राहिली. आराखडा ख्रिस्तोफर रेन यांचा. तेव्हा ते खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते, वय जेमतेम तिशीचं. नमुना रोममधल्या मार्सेलसच्या नाट्यगृहाचा. पण रोमन नाट्यगृह उघडं, वर फार तर कापड ताणायचे. इथे पाऊस, म्हणजे छप्पर हवंच. सभागृह ७० बाय ८० फूट, आणि मधे खांब आला की समारंभच दिसायचा नाही.

सत्तर फुटी अखंड लाकूड कुठून आणणार? रेननी तुकडे सांधून तुळई केली, लोखंडी बोल्टांनी आवळली आणि तिच्यावर कैची, म्हणजे छप्पर पेलणारा लाकडांचा त्रिकोणी सांगाडा, चढवली. कैचीचे तिरपे वासे भिंतींना बाहेर रेटतात. खालची तुळई त्यांना ओढून धरते. ती सतत ताणात असते, म्हणून सांधा जरा सरकला की भिंती फाकल्याच. कैचीतला मधला उभा वासा तुळईवर टेकलाय असं वाटतं, पण उलट आहे: तुळईच त्याला टांगलेली असते. इथेच भले भले चुकतात.

छताच्या वर, या कैच्यांमधल्या माळ्यावर विद्यापीठाच्या छापखान्याची पुस्तकं रचत. १७२० साली इमारत धोक्यात असल्याची आवई उठली. तपासणीत त्या ओझ्याने भिंती किंचित बाहेर झुकलेल्या आढळल्या, पण वास्तू आणखी शे-दोनशे वर्षं टिकेल असा निर्वाळा मिळाला.

खालून हे काहीच दिसत नाही. चित्रकार रॉबर्ट स्ट्रीटर यांनी छताच्या ३२ फळ्यांवर आकाश रंगवलंय, जणू मांडवाचं कापड गुंडाळून बाजूला सारलंय. वर सोनेरी दोऱ्यांची जाळी. फळ्यांचे सांधे तिच्याआड लपतात, आणि मला तरी छतातली सर्वांत हुशार गोष्ट तीच वाटते.

फोटोत शिखरावरचा मोठा घुमटीवजा मनोरा दिसला तर तो रेनचा समजू नका. तो वास्तुविशारद एडवर्ड ब्लोर यांनी १८३८ च्या सुमारास बसवला. रेनचा याहून लहान होता.