बँडाची चाल

आमच्या वाडीत लग्नाची वरात निघाली की बँडवाले आधी देवाचं एखादं गाणं उरकायचे आणि मग ती चाल धरायचे. ती म्हणजे कुठली ते सांगणं कठीण, कारण तिला शब्द नव्हते आणि नावही नव्हतं, सगळे नुसतं ‘बँडाची चाल’ म्हणायचे. ट्रम्पेटवाल्याने गाल फुगवले की खुळखुळे हलवणारा पोरगा एकदम जागा व्हायचा, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्यांच्या मागेपुढे आम्ही पोरं नाचायचो, आणि नवऱ्याचा मामा, जो एरवी कुणाशी धड बोलत नाही, तोसुद्धा खिशातला रुमाल काढून दोन पावलं टाकायचा. मालवणकडच्या अरुंद पाणंदीतून जाणारी वरात ती, धड चालायला जागा नाही, पण त्या चालीवर लोक आडवे नाचायचे.

मला बरीच वर्षं वाटायचं की ही चाल बँडवाल्यांची स्वतःची असणार. सनईवाल्याचं कसं ठरलेलं असतं तसं.

मग १९९५ साली ‘राजा’ पिक्चर आला आणि एसटी स्टँडवरच्या हॉटेलात ‘नजरें मिली दिल धडका’ लागलं. मी हातातला बटाटेवडा तसाच धरून उभी. हे तर आमचं! माधुरीने आमची वरात चोरली! घरी येऊन मोठ्या तावातावाने सांगितलं तर गणपतीला मुंबईहून आलेला मावसभाऊ हसायला लागला, म्हणाला अगं वेडे, ते ‘कम सप्टेंबर’ आहे, १९६१ चा इंग्लिश पिक्चर, बॉबी डॅरिन नावाच्या गायकाने केलेली चाल, हिंदीवाल्यांनी आत्ता उचलली, बँडवाल्यांनी केव्हाच उचललीय. म्हणजे माझ्या दृष्टीने जे पहिलं ते खरं तर नकलेतलं होतं, आणि जे पहिलं ते मला सगळ्यात शेवटी कळलं. हे माझं पुढे आयुष्यभर असंच होत आलंय.

याला जबाबदार डबलबारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे दोन बुवा समोरासमोर बसून रात्रभर भजनाचा सामना करतात त्याला डबलबारी म्हणतात. पेटी, पखवाज, चकी, टाळ, मागे कोरसवाले, आणि समोर अख्खा गाव खळ्यात गोणपाटं टाकून बसलेला. अभंग होतात, गवळण होते, एकमेकांना टोमणे तर इतके होतात की काही वेळा भजन नक्की कुणाचं चाललंय, देवाचं की समोरच्या बुवाचं, असा प्रश्न पडतो. पण सगळे वाट बघत असतात गजराची. गजर म्हणजे बुवाचा हुकमी एक्का. आणि तो बऱ्याचदा पिक्चरच्या गाण्याच्या चालीवर असतो. शब्द विठ्ठलाचे, चाल मुंबईची.

तर मी नऊदहा वर्षांची असताना आमच्या आवडत्या बुवांचा एक गजर होता, तो आम्ही शाळेत जाता-येता म्हणायचो. एकदा रेडिओवर रफी आणि गीता दत्तचं ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ लागलं आणि मी स्वयंपाकघरात धावत गेले, “आज्जी, ह्यांनी आपल्या बुवांचो गजर चोरल्यानी!” आज्जी नारळ खवत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “चाल खयचीय आसांदे, नाव देवाचा असा मा?” तेवढ्यावर विषय संपला. आता माहीत झालंय की तो ‘सीआयडी’ १९५६ चा, संगीत ओ. पी. नय्यरचं, आणि मजा म्हणजे नय्यरसाहेबांनी सुद्धा ती चाल घेतली ‘ओ माय डार्लिंग क्लेमेंटाईन’वरून, जे अमेरिकेतलं एकोणिसाव्या शतकातलं गाणं, त्यात कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेलेल्या खाणवाल्याची मुलगी पाण्यात बुडून मरते. कुठे ती खाण, कुठे मुंबईच्या रस्त्यावर गाणारा जॉनी वॉकर, आणि कुठे आमच्या रवळनाथाच्या देवळापुढे पहाटे तीन वाजता टाळ्या घेणारे बुवा. बुवांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. चाल गळ्यात बसली, लोक डोलले, झालं.

चाकरमानी आले की कॅसेटी यायच्या. त्यात ‘यादें’वाल्या कॅसेटी फार. वर किशोरकुमारचा किंवा रफीचा मोठा फोटो, आणि गाणारा भलताच, त्याचं नाव कुठेतरी बारीक अक्षरात. ‘रफी की यादें’ सोनू निगमचं, ‘किशोर की यादें’ कुमार सानूचं. तेव्हा कायद्यातच तशी सोय होती की मूळ रेकॉर्डला दोन वर्षं उलटली की रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात काढता यायचं (२०१२ च्या दुरुस्तीत ती मुदत पाच वर्षांची झाली). मूळ कॅसेट महाग, ही स्वस्त, त्यामुळे आमच्या घरात रफी म्हणजे बराच काळ सोनू निगमच होता. पुढे मूळ रफी ऐकला तेव्हा पहिल्यांदा चक्क वाटलं, हा जरा वेगळंच म्हणतोय, शब्द इतके हळू का सोडतोय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की तो शब्द सोडतच नाहीये, तो तळहातावर ठेवून आपल्याला दाखवतोय. आणि तरी मला सोनूचा राग नाही आला. त्याने दार उघडून दिलं, आत मी माझी गेले.

राग येतो तो हल्लीच्या ‘अनप्लग्ड’वाल्यांचा. आरडीने एवढा सगळा वाद्यांचा संसार उभा केलेला असतो, तो मोडायचा, एक गिटार घ्यायची, आणि आत्ताच झोपेतून उठल्यासारखं कुजबुजत गायचं. वर कॅमेरा, बाजूला मेणबत्त्या. अरे बाबा, नवीन काहीतरी कर नाहीतर जुनं नीट गा! २००२ मध्ये ‘काँटा लगा’चं रिमिक्स आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता, पण त्यात निदान दंगा होता, आणि त्या दंग्यामुळे का होईना माझ्यासारख्या कितीजणी १९७२ च्या ‘समाधी’तल्या मूळ लताबाईंपर्यंत पोचल्या. माझा भाचा तर त्याच्याही पुढचा, तो ‘स्लो अँड रिव्हर्ब’ ऐकतो, म्हणजे जुनंच गाणं हळू करून विहिरीत सोडल्यासारखं. मी म्हणते बाळा, आमच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की असंच व्हायचं, आम्ही त्याला कला नाही म्हटलं, आम्ही सेल उन्हात ठेवले.

आणि अस्सल-नक्कल असा फार हिशोब करायला गेलं तर आपलीच पंचाईत होते. ‘मी डोलकर दर्याचा राजा’ हे आमच्या किनाऱ्यावर होडी ओढताना, पिकनिकच्या बसमध्ये, हळदीला, सगळीकडे आपलंच म्हणून गायलं जातं. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची, आणि गाणारा दर्याचा राजा कोण, तर बंगालचे हेमंतकुमार. एकाही कोळ्याने आजपर्यंत तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

तर बॉबी डॅरिन. त्याचं नाव त्या मावसभावाने डोक्यात घातलं ते राहिलंच होतं, मग इंटरनेट आल्यावर त्याला शोधला. आणि कळलं की ज्या गाण्याने तो १९५९ मध्ये खरा गाजला ते ‘मॅक द नाइफ’, तेही कव्हरच. एका खुनी माणसाचं गाणं, पण चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतो. मूळ ते १९२८ च्या बर्लिनमधल्या नाटकातलं, ब्रेख्तचे शब्द आणि कुर्ट वाइलचं संगीत. आणि ते नाटकच मुळी लंडनच्या १७२८ च्या जॉन गेच्या ‘द बेगर्स ऑपेरा’वरून घेतलेलं. आता यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, या गेसाहेबांनी आपल्या नाटकात काय केलं होतं, तर लोकांना आधीच पाठ असलेल्या चाली घेतल्या आणि त्यावर स्वतःचे शब्द बसवले. म्हणजे गजरच की हो! आमचे बुवा तिकडे असते तर पेटीवर बसले असते.

तीच गोष्ट फिरत फिरत १९७८ मध्ये पुण्याला आली, पुलंनी तिचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, जब्बार पटेलांनी बसवला. म्हणजे बॉबी डॅरिन आणि पुलं हे एका अर्थाने भाऊबंद निघाले, चुलत नाही म्हणता येणार, पण सोयरे नक्की. आणि अमेरिकेतल्या जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं ऐकलंय का तुम्ही? १९६० मध्ये बर्लिनमध्ये हेच गाणं स्टेजवर गाताना ती मधेच शब्द विसरली. थांबली नाही. आपण शब्द विसरलोय हेच तिने गाण्यात घातलं, मधे जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगची नक्कल केली, आणि गात सुटली. त्या विसरलेल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. मी ते ऐकते तेव्हा मला आमचे बुवाच दिसतात, एका सामन्यात ते असेच अभंगाचं पुढचं चरण विसरले होते आणि समोरच्या बुवालाच त्या चालीत विचारलं, पुढे काय ते सांग बाबा. लोकांनी डोक्यावर घेतलं.

पावसात आमच्याकडे संध्याकाळी करण्यासारखं काही नसतं. समुद्र उधाणलेला, होड्या वर काढून झापांनी झाकलेल्या, लाइट असली तर असली. म्हणून गेली काही वर्षं आम्ही पडवीत जुने पिक्चर लावतो, माझा लॅपटॉप आणि भाच्याचा स्पीकर. आईला फक्त मराठी चालतात. ‘श्यामची आई’ दर पावसाळ्यात एकदा होतोच, अत्र्यांचा, १९५३ चा. त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं हे आई दर वेळी सांगते, आणि संगीतकार वसंत देसाई आपल्या बाजूचे हेही सांगते, जणू देसाई कालच येऊन चहा पिऊन गेले. ‘भरजरी गं पितांबर’ लागलं की तिचे डोळे पदराला जातात. २०२३ मध्ये नवीन ‘श्यामची आई’ आला, तोही कृष्णधवलच, तो लावला तर आई म्हणाली चांगला आहे गो, पण ही श्यामची आई नाही. मी म्हटलं मग कोण आहे? म्हणाली वनमाला आहे ना श्यामची आई. तिच्यापुरता प्रश्न मिटलेला आहे.

यंदाच्या जुलैत मी म्हटलं चला, एकदाचा ‘कम सप्टेंबर’ बघूया. आई, मी, भाचा आणि शेजारून काका. काकांना इंग्लिश पिक्चरचं वावडं, पण काकी माहेरी गेलेली, जेवण आमच्याकडे, म्हणून बसले. सुरुवातीलाच ती चाल वाजली आणि आई टुणकन सरळ बसली, “गो, ही तर बँडाची चाल!” मग तिने मांडीवर ठेका धरला आणि म्हणाली, खुळखुळे नाहीयेत पण. नापास केलं तिने मूळ चालीला, तिथल्या तिथे.

आणि आता गोष्ट ऐका. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. रॉक हडसन हा श्रीमंत अमेरिकन, त्याचा इटलीत समुद्रकाठी मोठा बंगला आहे. तो दर वर्षी फक्त सप्टेंबर महिन्यात तिथे येतो. बाकीचे अकरा महिने बंगला त्याच्या कारभाऱ्याच्या ताब्यात. एका वर्षी हा गडी न कळवता जुलैतच येतो आणि बघतो तर काय, कारभाऱ्याने बंगल्याचं हॉटेल केलंय! खोल्याखोल्यांतून पाहुणे, जेवणखाण, सगळं व्यवस्थित चाललेलं.

मी हसून हसून लोळायची बाकी. सप्टेंबरात घर उघडणारा मालक, अकरा महिने बंद घर, समोर समुद्र. गणपतीला येणारा चाकरमानीच तो, फक्त त्याच्या हातात मखराचं सामान नाही एवढंच. साठ वर्षं आम्ही ज्या चालीवर नाचतोय तिच्या मागे ही गोष्ट होती आणि आम्हाला पत्ता नाही. भाचा म्हणाला मावशी, याचं मराठीत कर ना कुणीतरी. मी म्हटलं कशाला, इथे चालूच असतं.

हे बोलले आणि माझं लक्ष काकांकडे गेलं. आमच्या पलीकडचं घर मुंबईकरांचं. मालक गणपतीत येतात, क्वचित मे महिन्यात. चावी काकांकडे. गेल्या डिसेंबरात त्या खळ्यात दोन पुण्याच्या गाड्या लागलेल्या मी पाहिल्या होत्या, तेव्हा काका म्हणाले होते मालकांचे पाहुणे. मार्चमध्ये पण पाहुणे होते. एकदा तर कुणीतरी माझ्याकडेच येऊन विचारून गेलं, सुरमई थाळी किती वाजेपर्यंत मिळेल.

काका खुर्चीच्या टोकावर आलेले. इंग्लिश एक अक्षर कळत नव्हतं, पण हडसनची गाडी बंगल्याच्या दिशेने येतेय आणि कारभारी अजून बेसावध आहे हे त्यांना बरोबर कळलेलं. चहा गार झाला होता. मालक दारात आला तसा काकांनी जोरात श्वास सोडला, पंचाने कपाळ पुसलं, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले,

“एक फोन करून येवक काय झाला हुता मेल्याक?”